दीड फुटी अक्षरे

११ फेब्रुवारी २००७, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मारुंजीतल्या आमच्या घरमालकांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला, पांढरा रंग दिलेला एक पत्रा तारेने बांधला होता. त्यावर काळ्या रंगात ‘यू’ आणि ‘एन’ ही दोन इंग्रजी अक्षरे होती. प्रत्येकाची उंची दीड फूट. आकाश निरभ्र, वारा नाही, उजेड पत्र्यावर समोरून. एवढी नोंद करून मी खाली पाहिले. समोरच्या मोकळ्या रानात वरच्या मजल्यावरचे चार भाडेकरू, चौघेही हिंजवडीत संगणकावर काम करणारे, रविवारची झोप मोडल्याचा राग तोंडावर घेऊन वेगवेगळ्या अंतरांवर उभे होते. घरमालक कठड्याशी येरझारा घालत ओरडत होते.

“नुसतं दिसतंय म्हनू नगा. काय दिसतंय ते सांगा.”

घरमालकांना मी काका म्हणत असे. गाव त्यांना ‘इमानवाले’, म्हणजे विमानवाले, म्हणे. मारुंजीच्याच एका शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस मिसरूड फुटण्याआधी वायुदलात गेला होता आणि विमानांना रंग देणे, त्यांवरच्या खुणा आणि अक्षरे काढणे, हाच त्याचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. निवृत्त होऊन परतले तेव्हा गावात शेतांपेक्षा खडी-वाळूचे ढीग जास्त होते. उरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या आणि सबंध घरावर लिहायला सुरुवात केली.

मी जून २००६ मध्ये तिथे राहायला आले. मूळची परभणीची, भौतिकशास्त्रात एम. एस्सी.; नोकरी अशा कंपनीत, जिथे रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या धूसर चित्रांतून गाड्यांचे नंबर ओळखणारी प्रणाली तयार होत होती. दोन वर्षांत पीएच.डी.साठी परदेशी जायचे, हे ठरलेले होते. ती खोली माझ्या लेखी एक थांबा होता, आणि थांब्याकडे कोणी निरखून पाहत नाही. या घराने मात्र पहिल्याच दिवशी पाहायला लावले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लाल रंगात छापले होते : ‘येथे पाय ठेवू नये.’

“त्या पायरीला काय झालेलं न्हाई,” काकू म्हणाल्या. “भेग हुती जराशी. ह्यांनीच बुजवली. पन अक्षर लई छान आलंय म्हनून पुसत न्हाईत.”

सगळे घर ती धडधाकट पायरी वगळून चढत-उतरत असे. आठवडाभरात मीही तसेच करू लागले.

विमानाच्या पंखावर पाय कुठे ठेवू नये, इंधन कुठून भरावे, कुठला भाग कसा उचलावा, हे सारे छापलेले असते, हे मला त्या घरात कळले. गॅसच्या टाकीवर ‘येथे धरून उचलावे’ होते. मोटारसायकलच्या स्टँडला लाल कापडी पट्टी लोंबत होती, तिच्यावर ‘निघण्यापूर्वी काढावी’ असा हुकूम होता. पाण्याच्या टाकीवर, वायुदलाच्या विमानांवर असते तसे, तिरंगी चक्र काढलेले होते, पण अगदी लहान. एवढ्या मोठ्या टाकीवर ते एवढे लहान का, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, “आमी परदेशी गेलतो तवा तसंच हुतं. ज्यांच्या कामाला गेलो त्यांची अक्षरं मोठी, आपलं चक्र बारीक. पावन्यासारखं गेल्यावर आपलं नाव बारीकच लिवायचं.”

माझ्या खोलीच्या दारावर चार पिवळे कोन काढले होते आणि त्यांच्यामध्ये लिहिले होते : ‘आणीबाणीत येथून तोडावे.’ माझी आई परभणीहून आली, तेव्हा पिशवी हातातच ठेवून तिने ते दोनदा वाचले.

“हे चोरांसाठी लिहिलंय का?” तिने विचारले.

काका जिन्यातच होते. “ताई, इमान पडलं, दार अडकलं, तर भायेरच्या मानसाला कसं कळायचं कुऱ्हाड कुटं मारायची? आतल्याला दार ठावं असतंय. ज्याला ठावं न्हाई, त्याच्यासाठी खूण असती.”

“पण माझी मुलगी विमानात नाही राहत.”

“हितं इमान उचलत न्हाई येवडंच,” काका म्हणाले. “बाकी गॅस हाय, गिझर हाय, कडी हाय.”

या खुणांची त्यांनी परीक्षाही घेतली होती. एका दुपारी स्वतःच्या न्हाणीघराच्या दारावरची पिवळी चौकट योग्य जागी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी तिथे कुऱ्हाड चालवली. दार पहिल्याच घावात उघडले. आत काकू कपडे भिजवत होत्या. नवऱ्याच्या हातातली कुऱ्हाड आणि चेहऱ्यावरचे समाधान पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “कडी घातलीच न्हवती म्या. ढकललं असतं तरी चाललं असतं.”

ते बसलेले मला आठवत नाहीत. चहाचा कप घेऊन अंगणात फिरत, जेवतानाही दोन घासांमध्ये उठून दार, नळ, फाटक पाहून येत. सगळा परिसरच तेव्हा तसा होता : रस्ता रोज कुठेतरी खणलेला, काँक्रीटचे ट्रक आपल्या पोटात सिमेंट फिरवत चाललेले, आज जिथे वळायचे तिथे उद्या पत्र्याचे कुंपण. मीही रात्री विद्यापीठांचे अर्ज भरी आणि दिवसा घड्याळाकडे पाही. पण आमची अस्वस्थता पुढे जाण्याची होती. काकांची कशाभोवती तरी फिरत होती. ते काय, हे मला बरेच दिवस कळले नव्हते.

एक गोष्ट मात्र लवकर कळली : तुटलेले अक्षर त्यांना सहन होत नसे. स्टेन्सिल कापताना अक्षरात मध्ये मध्ये जोड ठेवावे लागतात, नाहीतर आतला तुकडा गळून पडतो. त्यामुळे छापलेले अक्षर जागोजागी तुटते. काका ते सांधे बारीक ब्रशने एकेक करून भरत. स्वतःचीच नव्हे, दुसऱ्याचीही अक्षरे भरत. पासपोर्टसाठी लागणाऱ्या एका दाखल्याकरता मला पौडला तहसील कचेरीत जायचे होते आणि त्यांना सातबाऱ्याचे काम होते, म्हणून एकदा त्यांच्या मोटारसायकलवर गेले. परतताना एसटी स्थानकात कोळवणची गाडी उभी होती. पाटीवरच्या ‘ळ’चा अर्धा भाग उडालेला होता. चालक-वाहक चहाला गेलेले. काकांनी डिकीतून काळ्या रंगाचा डबा काढला, बंपरवर चढले आणि ‘ळ’ पूर्ण करू लागले.

वाहक धावत आला. “ओ बाबा, गाडी सरकारची हाय. तुमच्या घरची न्हाई.”

“म्हनूनच करतुया. सरकारचं अक्षर तुटकं नगं.”

“लोकास्नी कळतंय की कोळवण हाय.”

“ज्याला कळतंय त्याला पाटी कशाला पायजे?” काका वर पाहतच म्हणाले. “आन माझा हात हलवू नका, वळन बिघडंल.”

गाडी सात-आठ मिनिटे उशिरा सुटली. फिकट अक्षरांच्या मधोमध एक चकचकीत ‘ळ’ घेऊन ती भाताच्या खाचरांकडे निघून गेली. काका ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी गच्चीवर ते अचानक म्हणाले, “काय सायंटिस्ट, दीड फूट अक्षर किती लांबनं वाचता यील?”

हा माझ्या कामाचाच प्रश्न होता. निरोगी डोळ्याला अक्षर ओळखायला ते किमान किती कोनात दिसावे लागते, हे ठरलेले आहे. मी तिथेच हिशेब करून सांगितले, “तीनशे मीटरच्या जरा पुढे. उजेड चांगला हवा.”

“आन तीनशेवर?”

“काठावर.”

“काठावर म्हंजे हिकडं का तिकडं?”

“ते पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.”

ते गच्चीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि मग चालता चालता, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी विमाने लपवण्यात घालवली होती : हिरवे, मातकट, राखाडी पट्टे, जमिनीत मिसळून जातील असे. निवृत्तीच्या थोडे आधी त्यांना ‘यूएन’च्या आंतरराष्ट्रीय शांतिसेनेच्या कामासाठी आफ्रिकेतल्या एका देशात पाठवले. तिथे सगळे उलटे होते. हिरवी हेलिकॉप्टरे घासून, प्रायमर देऊन, पांढरीशुभ्र करायची आणि दोन्ही बाजूंना व पोटाखाली ती दोन काळी अक्षरे काढायची. “हितं लपायचं न्हाई, दिसायचं,” काका म्हणाले. “बंदूक घेतलेल्या मानसानं वर बगून म्हनलं पायजे, ह्यो आपल्या भांडनातला न्हवं.”

पोटाखालची अक्षरे तीन फुटी हवीत, असा लेखी आदेश होता. पण एका हेलिकॉप्टरच्या पोटाला मध्येच एक झडप होती. सामान लटकवायचा आकडा तिच्यातून खाली येई. तीन फुटी अक्षर काढले असते तर ‘एन’ नेमका झडपेच्या कडेवर आला असता आणि झडप उघडताच त्याचे दोन तुकडे झाले असते. काकांना ते पटले नाही. त्यांनी नवी स्टेन्सिल कापली आणि झडपेच्या मागे, मोकळ्या जागेत, दीड फुटी अक्षरे काढली. कुठे सांधा नाही, कुठे ओघळ नाही. वरिष्ठांनी पाहून मान डोलावली.

पुढच्याच महिन्यात औषधे घेऊन निघालेल्या त्या हेलिकॉप्टरवर एका टेकडीवरून गोळ्या झाडल्या गेल्या. एक उघड्या दारातून आत आली आणि तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला लागली. तो काकांच्या बरोबरच भरती झालेला, कऱ्हाडकडचा. तंबूत दोघांच्या खाटा शेजारी होत्या. उतरेपर्यंत तो गेला. टेकडीवरच्या टोळीच्या म्होरक्याने सांगितले की अक्षरे दिसली नाहीत, हेलिकॉप्टर शत्रूचे वाटले. चौकशीत अंतर निघाले सुमारे तीनशे मीटर. चौकशी अधिकाऱ्याने काकांना बोलावून एकच प्रश्न विचारला : अक्षराची उंची किती? काकांनी सांगितली. अधिकाऱ्याने लिहून घेतली आणि जायला सांगितले. पुढे त्या कागदाचे काय झाले, ते त्यांना कोणी कळवले नाही.

“तीनशेवरनं दिसत नसंल,” काका म्हणाले, “तर त्याला म्या मारला. झडप वाचवाया गेलो.”

“आणि दिसत असेल तर?”

ते पुन्हा गच्चीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले.

त्या मित्राची पत्नी दर दिवाळीला फोन करी. फोन काकू घेत आणि काका समोर उभे असताना सांगत, “रानात गेल्यात.” पण त्या जानेवारीतला फोन वेगळा होता. मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते आणि ती बाई काकूंना म्हणाली होती, “वहिनी, भावजींना सांगा. कन्यादानाला तुम्ही दोघं बसा. पोरीच्या वडलांच्या जागी दुसरं कुणी मला सुचत नाही.”

“जायाचं का न्हाई ते तरी सांगा,” काकूंनी नवऱ्याला विचारले होते. “त्या बाईनं दुसरं कोन बगावं का?”

“आकडा आल्याबिगर म्या त्या पाटावर बसनार न्हाई,” काका म्हणाले होते.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळचे कारण हे असे. कोणत्या अंतरावरून दीड फुटी अक्षरे ओळखता येतात, हे माणसे उभी करून मोजायचे. मी ते काम स्वीकारले, कारण प्रश्न स्वच्छ होता आणि मला स्वच्छ प्रश्न आवडतात.

चौघांनीही झटपट उत्तरे दिली. यू एन. थोडे मागे गेले, तरी यू एन. सगळ्यात लांबचा मुलगा रस्त्याकडेच्या चिंचेखालून हात हलवत म्हणाला, “एकदम क्लिअर, काका. यू एन.”

काका माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी तसा उजळलेला कधी पाहिला नव्हता. “चिंच म्हंजे सायंटिस्ट, पाचशेच्या वर हाय.”

“काका, ही सगळी वाचने मी रद्द करते आहे,” मी म्हणाले.

पहाटे, काका खाली असताना, काकूंच्या मदतीने मी पत्रा उलटा बांधला होता. वरचे खाली. असे केले की ‘एन’ तसाच दिसतो, पण डावीकडे जातो. ‘यू’ उजवीकडे येतो आणि त्याचे तोंड जमिनीकडे होते. गच्चीवरून पत्र्याची केवळ पाठ दिसे, म्हणून काकांना ते कळले नव्हते. रानातल्या चौघांना दिसायला हवे होते. एकालाही दिसले नाही.

हा संशय मला माझ्या कामामुळे आला होता. आमच्या प्रणालीला आम्ही ‘एमएच बारा’ इतक्या वेळा शिकवले होते की कोऱ्या बंपरवरही ती ‘एमएच बारा’ वाचू लागली होती. काकांच्या पत्र्यावर काय लिहिले आहे, हे घरातल्या प्रत्येकाला महिनाभर ठाऊक होते.

“म्हंजे त्यांनी वाचलं न्हाई?” काकांनी विचारले.

“त्यांनी आठवलं.”

ते पत्र्याची पाठ पाहत राहिले. मग म्हणाले, “ज्याला ठावं न्हाई असा मानूस पायजे. टेकडीवरल्याला कुटं ठावं हुतं.”

दुपारी आम्ही पत्रा सुलटा केला. तो उलटा होता, ही गोष्ट काका, काकू आणि मी, तिघांतच ठेवली. त्या मुलांचा पुढे पुन्हा उपयोग झाला असता. काका मात्र माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी येऊन वाद घालू लागले की ‘यू’चे कोपरे अधिक गोल केले तर तो जास्त लांबून वाचता येईल. मी अधिक गोल कोपऱ्यांचा लहान नमुना करून कार्यालयातल्या कॅमेऱ्यासमोर धरला. फरक शून्य. ते म्हणाले, “तुमच्या क्यामेऱ्याला कोपरे कळत न्हाईत.”

अडचण पुढे आली, आणि ती मारुंजीतच येऊ शकत होती. त्या पट्ट्यात तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या काळ्या अक्षराचा एकच अर्थ होता : जमीन जाणार. दगडावर, विजेच्या खांबावर, विहिरीच्या कठड्यावर असे काही उमटले की पुढच्या महिन्यात मोजणीवाले येत. इमानवाल्यांच्या टाकीवर मार्किंग झाले आहे, ही बातमी त्याच आठवड्यात गावभर पसरली. ‘यूएन’ नावाची कंपनी येणार, असे ठरून गेले. दोन दलाल मोटारीतून येऊन काकूंना विचारून गेले की कंपनी परदेशी आहे का. काकू म्हणाल्या, “परदेशीच. पन ती जमीन घेत न्हाई, भांडनं सोडवती.” दलालांचा विश्वास बसला नाही.

आता अजाण वाचक मिळेना. काकांनी भाजीवालीला रानात उभे केले, ती म्हणाली, “यूएन कंपनी.” शेजारच्या इमारतीवरच्या, दोनच दिवसांपूर्वी बिहारहून आलेल्या एका मजुराला घेऊन आले. “क्या दिखता है?” त्याने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, “वही यूएन कंपनी, सेठ. भर्ती चालू है क्या?”

मार्च गेला. कऱ्हाडहून पुन्हा फोन आला, पुन्हा काका रानात गेले होते. त्यांचे फिरणे वाढले. मध्यरात्री जिन्यात पावले वाजत, आणि तिसऱ्या पायरीपाशी पडणारा तो खंड ऐकून मला कळे, कोण आहे ते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, चार वाजता, मी कामावरून परतले तेव्हा फाटकात भांडण लागले होते. शेजारचे तात्या, काकांचे भावकीतले, जमिनीला जमीन लागून असलेले, फाटकावर हात आपटत बोलत होते.

“तू पंचायतीला फशिवशील इमानवाल्या, मला न्हाई. बिल्डरची बोलनी झाली हुती माझी. त्यो पत्रा बगून मानूस माघारी गेला.”

“पत्रा माझा, टाकी माझी.”

“आन दर? दर कुनी बदलला?”

“कसला दर?”

“मला खुळा समजतो व्हय? पैल्या दिशी नाल पालथी हुती. आता सुलटी हाय. आदी उजवीकडं हुती, आता डावीकडं गेली. उगंच कोन करतंय असं? काय तरी बदललंय. आमाला सांगत न्हाईस येवडंच.”

मी फाटकातच थांबले. “तात्या, कुठली नाल?”

“ती न्हवं का काळी, घोड्याच्या नालंगत. शेजारी ती वाकडी शिडी.” त्यांनी टाकीकडे बोट केले. “त्या रयवारी सकाळी नालंचं तोंड खाली हुतं. दुपारी बगतुया तर वर.”

“तुम्ही कुठून पाहिलंत?”

“हिरीवरनं. मोटर चालू कराया गेलतो.”

“जवळ आला नव्हता?”

“कशाला यीन? सरकारी खूण हाय म्हटलं. आपुन हात लावायचा न्हाई, जवळ बी जायचं न्हाई. आदी इचारायचं, मंग बोलायचं.”

“आधी कुणी सांगितलं होतं, तिथे काय लिहिलंय ते?”

“त्या दिशी कुनाला ठावं हुतं?”

“इंग्रजी वाचता येतं तुम्हाला?”

“मराठीच जेमतेम येतंय, बाई,” तात्या वैतागून म्हणाले. “पन कुनीतरी मुद्दाम लिवलंय, येवडं कळाया साळा लागती व्हय?”

काकांचे पाय थांबले होते. त्यांनाही कळले होते. तो पत्रा फक्त त्या एका सकाळी उलटा होता, आणि ते आम्हा तिघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तात्यांनी ऐकलेले सांगितले नव्हते; पाहिलेले सांगितले होते.

“तात्या,” काका हळू म्हणाले, “तुजी टेप आन.”

मारुंजीत तेव्हा विळा सापडला नसता असे घर होते, मोजणीची टेप नाही असे घर नव्हते. तात्यांची शंभर फुटी होती. पण ती आणण्याआधी त्यांनी अट घातली.

“माझ्या रानातनं टेप नेनार, तर दुसरं टोक मी धरनार. उद्या म्हनशील हिरीपतूर तुजंच हाय.”

“तूच धर. खुटी बी तूच ठोक.”

“आन ही पोरगी काय लिवती?”

“नुसतं अंतर लिहिते, तात्या,” मी म्हणाले.

“गुंठं लिवू नगंस.”

पत्र्याच्या बरोबर खाली सुरुवात केली आणि नांगरलेल्या रानातून सरळ विहिरीकडे निघालो. तात्या दर टेपेला खुंटी ठोकत आणि मागे वळून काका ताण बरोबर धरतात का ते पाहत. विहिरीच्या कठड्याला टेप टेकली, मी शेवटचे फूट पाहिले, मीटरमध्ये रूपांतर केले.

“तीनशेच्या आत का भायेर?” काकांनी विचारले.

“बाहेर. बरंच बाहेर.” मी त्यांना आकडा सांगितला. मग जे सांगणे माझे कर्तव्य होते तेही सांगितले : पाहणारा एकच, पत्रा स्थिर होता, हेलिकॉप्टर हलते, पोटाखाली सावली असते, तात्यांचे डोळे सरासरीहून चांगले असू शकतात.

“सायंटिस्ट, जे मोजलं तेवडंच सांगा.”

“एका माणसाला, ज्याला अक्षरे येत नाहीत आणि ज्याला कोणी काही सांगितलेले नव्हते, इथून ती खूण दिसली. आणि ती कोणाची तरी आहे, हे कळले.”

काकांनी टाकीकडे पाहिले. विहिरीच्या कठड्यावर तात्या घाम पुसत बसले होते.

“मंग त्याला दिसलं हुतं,” काका म्हणाले.

“कुनाला?” तात्यांनी विचारले.

“दिसलं हुतं, आन मारला.”

मी समजत होते की आकडा अनुकूल आला की हा माणूस शांत होईल. तसे झाले नाही. स्वतःचा दोष गेला, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरे काहीतरी येऊन बसले, ज्याला अक्षराची उंची नव्हती आणि जे कुठल्याच स्टेन्सिलने दुरुस्त होणार नव्हते. ते विहिरीभोवती एक फेरी फिरले, दुसरी फिरले. तात्या त्यांच्याकडे पाहत राहिले आणि बहुधा प्रथमच त्यांनी दराचा विषय काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “चल, टेप गुंडाळ. च्या घिऊ.”

घरी येताच काकांनी फोन उचलला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कऱ्हाडचा नंबर त्यांना शोधावा लागला नाही.

“वहिनी, मी बोलतुया,” काका म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी ऐकून घेतले. “न्हाई. रानात न्हवतो. सगळ्या दिवाळ्या हितंच हुतो, फोनपाशी.” पुन्हा ऐकले. “व्हय. बसतो आमी दोगं.”

लग्नाला मी गेले नव्हते. काकूंनी सांगितले की सबंध विधी काका मांडी घालून पाटावर बसले, एकदाही उठले नाहीत, आणि नंतर मांडवाच्या दारातल्या पाटीवरचे मुलीच्या नावातले उडालेले काना-वेलांटी कोणाला न विचारता भरून आले. पुढच्या वर्षी मी देश सोडला. तोवर पत्रा टाकीवरच होता, आणि तात्या मागे लागले होते की तसाच एक त्यांच्याही कुंपणावर काढून द्यावा. बिल्डरशी बोलताना बरा पडतो.

त्या शनिवारी, फोन ठेवल्याचा आवाज ऐकून मी वर गेले, सवयीने तिसरी पायरी ओलांडली, आणि उजेड असतानाच शेवटची नोंद पूर्ण केली. अक्षराची उंची : दीड फूट. निरीक्षक : एक. इंग्रजी वाचन : नाही. पूर्वमाहिती : नाही. अंतर : ४१२ मीटर.